उणे दहा नंबरच्या डोळ्याचा ओसीटी (आतल्या थरांचा स्कॅन) काढताना

रिपोर्टवर लाल, म्हणजे थर नॉर्मलपेक्षा पातळ, दिसलं की लगेच ‘काचबिंदू’ म्हणून मोकळा होऊ नकोस. मशीन ज्या नॉर्मल डोळ्यांशी तुलना करतं, त्यांत एवढ्या मोठ्या मायनस नंबरचे डोळे बहुधा घेतलेलेच नसतात. त्यात असा डोळा 26 मिमीपेक्षा लांब, म्हणजे स्कॅनचं वर्तुळ डोळ्यातल्या पडद्यावर मोठं पडतं नि नसांचा थर पातळ मोजला जातो. डिस्क (डोळ्याची नस जिथून बाहेर पडते ती जागा) तिरकी असेल तर थराच्या जाडीच्या आलेखातले दोन उंचवटे मॅक्युलाकडे, म्हणजे पडद्याच्या मध्याकडे, सरकतात. असतात, फक्त जागेवर नसतात. आधी आकार बघ, रंग नंतर.

डिस्कच्या कडेला तो पांढुरका चंद्रकोरी पट्टा दिसतो ना, तिथं मशीननं थराच्या कडेवर आखलेली रेषा भरकटते. दरवेळी मूळ स्कॅन उघडून बघ. नुसतं छापील पान डॉक्टरांपुढं सरकवणं म्हणजे अर्धंच काम.

तरी लाल नेहमी खोटं नसतं हं. मायोपियानं (मायनस नंबरानं) काचबिंदूचा धोका वाढतोच. म्हणून मॅक्युलाचा स्कॅन जोडीला घे. मधल्या आडव्या रेषेशी थर एकाच बाजूला तुटल्यासारखा पातळ दिसला, तर डॉक्टरांना लगेच दाखव.

चष्मा काढला की या लोकांना मशीनमधला बघायचा दिवा पुसटच दिसतो, आधी नंबरप्रमाणे फोकस लाव. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मावशी आल्या तर ‘हलू नका’पेक्षा ‘कदलवद्दू’ म्हण, मान लगेच स्थिर होते. आणि पहिला चांगला स्कॅन बेसलाइन, म्हणजे तुलनेचा पाया, म्हणून जपून ठेव; पुढची तुलना त्याच मशीनवर, त्याच डोळ्याशी.