याहून स्ट्राँग मलम शोधू नका, आधी हातातल्या ट्यूबवरचं वाचा

मांडीवर गोल चट्टा, ओळखीच्या माणसाने सुचवलेलं मलम लावलं की दोन दिवसांत खाज बंद, थांबवलं की आठवड्याभरात तोच चट्टा परत आणि शेजारी आणखी दोन. आता कंबरेपर्यंत पसरलंय, धाकट्या भावाच्या मानेवरही उठलंय, आणि तुम्ही विचारताय की याहून स्ट्राँग मलम कोणतं. हे सगळं मी भोगलंय, जवळपास याच क्रमाने. म्हणून उत्तर आधीच देते: स्ट्राँग मलम नको. तुम्ही लावताय तेच बहुधा नको तितकं स्ट्राँग आहे, आणि ती ताकद बुरशीला मारणारी नाही.

मी डॉक्टर नाही. तुमची त्वचा मी पाहिलेली नाही. गोल दिसणारा प्रत्येक चट्टा गजकर्ण, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीचा आजार, नसतो. काही प्रकारचे एक्झिमा आणि सोरायसिस, ज्यांचा बुरशीशी संबंध नसतो, तेही गोल दिसतात. पण लावलं की गायब आणि थांबवलं की दुप्पट, हे चक्र ऐकलं की मला पहिला संशय येतो तो मलमातल्या स्टेरॉइडचा.

स्वच्छता, सुती कपडे, अंग कोरडं ठेवणं हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

ट्यूबवर बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. ते आत्ता वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची औषधं. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल ही नावं घाईत सारखीच वाटतात आणि कामं मात्र उलटी आहेत, म्हणून सावकाश वाचा. अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि निओमायसिन किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. वेष्टनावरचं नाव नेहमीचंच, फक्त शेवटी एखादं अक्षर जास्त, असंही असतं. अशा ट्यूबवर 'बुरशीसाठी' लिहिलेलं असलं तरी आतलं स्टेरॉइड काही कमी होत नाही.

खाज आणि लाली बुरशी स्वतः करत नाही. शरीर तिच्याशी झगडतं, त्यातून ती येते. स्टेरॉइड तो झगडाच दाबून टाकतं. दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळे, आणि शरीराने हात आखडता घेतल्यावर बुरशी निवांत पसरते. पाणी मुरत असलेल्या भिंतीला वरून रंग काढावा तसं होतं. मलम थांबलं की दाबलेली आग एकदम उसळते, आपल्याला वाटतं औषध बंद केल्यामुळे आजार वाढला, आणि आपण पुन्हा तीच ट्यूब उघडतो. शिवाय गजकर्णाची ओळखीची उठावदार कडा पुसट होते, त्यामुळे नंतर पाहणाऱ्या डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. या रूपाला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या नावाने त्याचं वर्णन छापून आलं. म्हणजे ही गोष्ट वैद्यकशास्त्राला इतकी जुनी माहीत आहे, आणि तरी लोकांच्या हातात त्याच ट्यूब पडतात याचा मला अजूनही राग येतो.

आता मी ज्या क्लिनिकमध्ये जायचे त्याबद्दल. नाव घेणार नाही. माझं सगळ्यात जास्त नुकसान बुरशीने केलं नाही, त्या क्लिनिकने केलं. तिथे मलम ट्यूबमध्ये मिळायचं नाही. आतल्या खोलीत मिसळलेलं पांढरं मलम एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत भरून द्यायचे. डबीवर लेबल नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव नाही, फक्त 'मलम, दोन वेळा'. यात काय आहे असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, "त्वचेचंच औषध आहे, तुम्ही लावा." चट्टा परत आला म्हणून गेले की तपासणी न होता नवी डबी मिळायची. कुणीही चट्ट्याची कड खरवडून पाहिली नाही, नखं पाहिली नाहीत, घरात आणखी कुणाला आहे का हे विचारलं नाही. खाज थांबायची, म्हणून माझा विश्वास बसलेला होता.

पुढे मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट रेघा उठल्या, पोटावर गरोदरपणात येतात तशा. त्वचा इतकी पातळ झाली की खाली शिरांची जाळी दिसायची. तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आजवर काय लावलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासमोरूनच मी त्या क्लिनिकला फोन केला. पलीकडून सांगितलं की मिश्रण आमचं आहे, ते बाहेर सांगत नाही. रुग्णाच्या अंगावर महिनोन्महिने जे लावलं गेलं ते त्या रुग्णालाही सांगायचं नाही, हा कुठला नियम? मी लेखी मागितलं. लेखी उत्तर आलंच नाही. स्टेरॉइड किती तीव्रतेचं होतं हे कळलं नाही, म्हणून उपचार अंदाजाने सुरू करावे लागले, जास्त सावधपणे आणि जास्त काळ. त्या रेघा आज फिक्या झाल्यात, पण गेलेल्या नाहीत. जाणारही नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: ज्या मलमाच्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत ते अंगाला लावू नका. देणारा कितीही नावाजलेला असो. आणि चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव, तीव्रता आणि किती दिवस लावायचं हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय उठू नका. काही डॉक्टरांना हे आवडत नाही. नाही आवडलं तरी चालेल.

मांडी, जांघ आणि चेहरा या जागांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमचा त्रास मांडीपासूनच सुरू झालाय. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड कुठल्या त्वचेतून किती आत जातं ते मोजलं. कोपर ते मनगट या भागातलं प्रमाण १ धरलं तर कपाळावर ६ पट, जबड्याच्या कडेला १३ पट आणि अंडकोषाच्या त्वचेतून ४२ पट औषध शोषलं गेलं. तळपायातून मात्र जेमतेम सातवा हिस्सा. तेच मलम तळपायाला लावणं आणि जांघेत लावणं यात एवढा फरक आहे. क्लोबेटासॉलच्या माहितीपत्रकातच सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं. चेहऱ्यावर जास्त काळ लावलं तर मुरुमांसारखे पुरळ आणि लाली येऊ शकते, पापण्यांजवळ लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

हे वाचून स्टेरॉइडला सरसकट घाबरू नका. एक्झिमा आणि सोरायसिसमध्ये तेच मलम योग्य जागी, योग्य मुदतीत फार उपयोगी पडतं. एक्झिमा असलेल्या मुलांना आईवडील भीतीपोटी मलम लावत नाहीत आणि मुलं रात्रभर खाजवत बसतात, तेही मला तितकंच वाईट वाटतं. प्रश्न बुरशीवर स्टेरॉइड लावण्याचा आहे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात की केओएच तपासणीबद्दल विचारा. चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडने हलकेच खरवडतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात, त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. दुखत नाही, बहुतेक वेळा त्याच भेटीत निकाल कळतो. बुरशीचं मलम लावून गेलात तर बुरशी असूनही दिसत नाही असं होऊ शकतं, म्हणून भेटीची वेळ घेतानाच विचारा की मलम किती दिवस आधी बंद ठेवायचं. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणं, करायचं ठरलं तर त्याला काही आठवडे लागतात.

उपचारांचं मी ढोबळ सांगते, डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. थोड्या जागेवर असेल तर नुसतं बुरशीचं मलम पुरतं. तुमचं जितकं पसरलंय आणि जितकं दाबलं गेलंय त्यावरून गोळ्या लागतील असं मला वाटतं. टर्बिनाफिन आणि इट्राकोनाझोल ही त्यातली दोन मुख्य नावं. टर्बिनाफिनने काही जणांची चव जाते, सहसा काही काळाने परत येते. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आता दिसू लागली आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव २०२० मध्ये दिलं गेलेल्या बुरशीच्या जातीत औषध ज्या एन्झाइमवर (बुरशीतल्या एका प्रथिनावर) काम करतं त्याचंच जनुक अनेकदा बदललेलं असतं. त्यामुळे गोळ्या नीट घेऊनही फरक नसेल तर स्वतःच डोस वाढवू नका, परत दाखवा.

इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलबद्दल एक गोष्ट मला कुणी पहिल्यांदा सांगितली नव्हती: ती भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच घ्यायची. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर औषध पुरेसं अंगी लागत नाही आणि आपण म्हणतो गोळी निकामी आहे. हृदय कमकुवत असेल, कोलेस्टेरॉलची काही औषधं चालू असतील तर ती धोक्याची ठरू शकते, म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी घेऊन जा. यकृताचा त्रास असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर दोन्ही गोळ्यांबाबत आधी सांगा. आणि कुणी त्वचेसाठी केटोकोनाझोलची पोटात घ्यायची गोळी दिली तर दुसरं मत घ्या. यकृतावरच्या परिणामांमुळे २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने ती बाजारातून काढायची शिफारस केली आणि अमेरिकेच्या नियामकाने तिच्यावर कडक मर्यादा घातल्या. केटोकोनाझोलचा शाम्पू वेगळा. तो कोंड्यासाठी चांगला, फक्त लावून तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा, लगेच धुतला तर फायदा नाही.

बुरशीचं मलम चट्ट्याबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांइतकी जागा होते.

स्टेरॉइड थांबवल्यावरचे पहिले दिवस वाईट जातात. आधीपेक्षा जास्त लाल, जास्त खाज. याच दिवसांत माणूस जुनी ट्यूब पुन्हा काढतो. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की असं झालं तर काय घ्यायचं. त्यांनी मला खाजेसाठी अँटिहिस्टामिनची गोळी दिली होती आणि साधं व्हॅसलीन लावायला सांगितलं होतं, त्यावर ते दिवस निघाले. चेहऱ्यावर किंवा मोठ्या भागावर महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी विचारा. फार थकवा, चक्कर किंवा कारण नसताना वजनात बदल असेल तर तेही सांगा, कारण तीव्र स्टेरॉइड शरीरात जाऊन शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावू शकतं.

भावाचं याच आठवड्यात बघा, तुमच्याबरोबरच. एकाचं बरं करून दुसऱ्याचं ठेवलं तर परत लागतं. टॉवेल, कपडे, पांघरूण वेगळं, आणि धुताना गरम पाणी. त्याच्या डोक्यात केस तुटलेला किंवा कोंडा धरलेला ठिपका आहे का पाहा. असेल तर तिथे मलमाचा उपयोग होत नाही. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, पोटातूनच औषध लागतं, आणि लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो. तुमचं स्वतःचं पाऊल आणि नखंही दाखवा. पायाच्या बोटांच्या बेचक्यातली बुरशी कपडे घालताना जांघेत पोचते, म्हणून आधी मोजे आणि मग आतले कपडे घाला. ही छोटी सवय मला डॉक्टरांनी अगदी शेवटी सांगितली, पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती.

काळपट डाग राहिले म्हणून बुरशी आहे असं समजू नका. खाज नाही, कोंडा नाही, कड वाढत नाही, तर तो नुसता रंग आहे, आणि तो जायला महिने लागतात. त्या डागांसाठी गोरं करणारं क्रीम घेऊ नका. त्यातल्या कित्येकांत पुन्हा तेच स्टेरॉइड असतं.

ट्यूबवर छापलेले घटक इथे लिहा, तीव्रतेच्या टक्क्यांसकट. त्यातलं स्टेरॉइड कोणतं आणि किती तीव्र तेवढं मी नक्की सांगू शकेन. डबी बिनलेबलची असेल तर फेकून देऊ नका, पिशवीत घालून तशीच डॉक्टरांकडे न्या.