डिस्कवर रंग का धरत नाही?

प्रश्न : मुलगा ऑस्टिनला डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे प्लास्टिकची चकती (डिस्क) फेकून टोपलीत पाडायचा खेळ. त्याच्या डिस्कवर वारली नक्षी काढायची म्हणून सुती कापडाचा रंग उकळून त्यात ती बुडवली. रंग धुताक्षणी गेला आणि डिस्क वाकडी झाली ती वेगळीच. काय चुकलं?
— एक आई, टेक्सास

उत्तर : ताई, सुती कापडाचा रंग प्लास्टिकला धरतच नाही. पॉलिएस्टरसाठी मिळतो तो डिस्पर्स रंग आणा. डिस्कही पॉलियुरेथेनची हवी, तीच रंग पिते. अल्टिमेट या दुसऱ्या, सांघिक खेळाची १७५ ग्रॅमची डिस्क असते पॉलिएथिलीनची, तिच्या नादी लागू नका.

रंग उकळायचा नाही. मी साधारण ६० अंश सेल्सिअसवर ठेवते, तेही जुन्या पातेल्यात, जे पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. खिडक्या सताड उघड्या.

नक्षी चिकट व्हिनाइलमधून (मागे गोंद असलेल्या प्लास्टिकच्या पातळ कागदातून) कापा आणि डिस्कवर चिकटवा, म्हणजे झाकलेल्या जागी रंग लागत नाही. चिकटवण्याआधी डिस्क पुसून कोरडी करा आणि कड न् कड नखाने दाबा. मी एकदा इथेच आळस केला. मोराच्या पायाखाली निळा ओघळ आला. लेक म्हणाली, "आई, हा चिखलात उभा आहे का?" डिस्क अजून तिच्याच पिशवीत असते.