छातीवर राजमुद्रा गोंदवू द्यावी का?

प्रश्न : मुलगा २० वर्षांचा आहे. सैन्य आणि केंद्रीय पोलीस दलं, दोन्हींच्या भरतीची तयारी चालू आहे. त्याला छातीवर डाव्या बाजूला शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचा टॅटू काढायचा आहे. वडील ऐकूनच घेत नाहीत. मामा म्हणतो, "आजीच्या हातभर गोंदण होतं, तिला काय झालं? गड्ड्याच्या जत्रेत स्वस्तात काढून देतात." मुलगा म्हणतो, नको झाला तर लेझरने जातो. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

त्वचारोगतज्ज्ञ : भरती होईपर्यंत नको, आणि छातीवर तर नकोच.

सैन्याच्या नियमात कायमचं गोंदण दोनच जागी चालतं : कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत आतली बाजूही फक्त डाव्या हाताची, कारण सलाम उजव्या हाताने होतो. शिवाय गोंदण त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान हवं. छातीवरची मुद्रा कितीही सुबक असो, वैद्यकीय तपासणीत शर्ट उतरवावाच लागतो. ज्या भरतीला बसणार, तिची जाहिरात आधी शेवटपर्यंत वाचा.

दुसरं कारण केलॉइडचं. जखम भरताना मांस जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातं, खाजतं, दुखतं. छाती, खांदे आणि कानाची पाळी इथे ते जास्त होतं. मुलाच्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयाच्या लशीचा) वण बोट फिरवून पाहा. सपाट किंवा खोलगट असेल तर ठीक. टणक, चकचकीत, फुगलेला असेल किंवा घरात कुणाला तसे वण येत असतील, तर विषय इथेच संपवा.

आजीचं गोंदण एकरंगी, काजळीचं, बारीक ठिपक्यांचं. तेव्हाही सुई एकीची दुसरीला लागतच होती. कावीळ झाली तर ती गोंदणातून आली हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, एवढाच फरक. जत्रेत सुई फडक्याला पुसतात आणि त्याच शाईच्या वाटीत परत बुडवतात. पुसल्याने हेपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही यांचे विषाणू जात नाहीत. जत्रेतलं गोंदण कोणत्याही वयात टाळा. चांगल्या ठिकाणी काढायचा असला तरी हेपॅटायटिस बीची लस पूर्ण झालीय का बघा. मोठ्या माणसाला ती ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांत देतात. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही मुलाला सांगा.

लेझरने 'जातो' हे अर्धं खरं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फुटते, तरी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-दहा वेळा बसावं लागतं. हिरवा-निळा चिवट. आपल्या सावळ्या कातडीवर टॅटू जाऊन पांढरट डाग उरण्याचा धोका असतो, आणि पुसायचा खर्च गोंदवून घेण्याच्या कैक पट होतो.

टॅटू कलाकार : छाती नको, जत्रा नको, इथवर डॉक्टरांशी सहमत. पण 'नकोच' म्हटलं की पोरं मित्राच्या खोलीत ऑनलाइन मागवलेल्या मशीनवर काढून घेतात, ते जास्त वाईट.

खरी अडचण राजमुद्रेचीच आहे. अष्टकोनात पूर्ण संस्कृत श्लोक, त्यात 'ष्ण', 'श्व', 'द्र' अशी जोडाक्षरं. शाई कातडीत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते. अक्षर पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर 'भ', 'म', 'ष' यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि पाच-सात वर्षांत मुद्रेचा काळा ठसा होतो. अक्षरं टिकवायची तर मुद्रा मोठी हवी, आणि भरतीचा नियम म्हणतो लहान. भरतीवाल्या मुलाला आम्ही श्लोक सोडून नुसती बाह्यरेषा किंवा एखादं नाव, तेही डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, एवढंच सुचवतो.

स्टुडिओत सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदतीची तारीख हवी. शाई छोट्या टोपणात ओतून घेतात, उरलेली फेकतात. बाटलीत परत ओतली तर उठून या. मशीन धरायची पकड पुन्हा वापरायची असेल तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) हवा, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. नुसतं उकळणं पुरत नाही. स्टेन्सिल (कातडीवर उमटवलेला कच्चा नमुना) लावल्यावर हात सैल सोडून उभं राहा आणि ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार घरच्या माणसाकडून वाचून घ्या. सुई साधारण दीड-दोन मिलिमीटरपर्यंतच जायला हवी. उथळ गेली तर शाई खपलीबरोबर जाते, खोल गेली तर चरबीत पसरून रेषेभोवती निळसर धूर दिसतो. तो सहजासहजी दुरुस्त होत नाही.

एप्रिल-मेमध्ये काढू नका. चाळिशीपारच्या उन्हात घाम आणि धूळ जखमेतच बसते. दिवाळीनंतर काढा, आणि पहिले दोन आठवडे दोर, पुल-अप्स, मैदानावरचं रांगणं बंद. धावायला हरकत नाही, घाम लगेच धुवा. टॅटूवर गुंडाळलेली प्लास्टिकची फिल्म दोन-चार तासांत काढा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. टॅटू धुवायला पिंपातलं शिळं पाणी न वापरता उकळून गार केलेलं घ्या. बिनवासाचा सौम्य साबण, दिवसातून दोनदा. सोलापुरी टॉवेलने चोळू नका, त्याचे धागे खपलीत अडकतात, टिश्यूने टिपा. रात्री चादरीऐवजी जुनं सुती धोतर पांघरा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते. नखाने सोललं की तिथे रंग उडालाच. विहीर, तलाव, स्विमिंग पूल तीन आठवडे नाही.

आम्ही वरून पेट्रोलियम जेलीचा हात देतो.

त्वचारोगतज्ज्ञ : जेली चालेल, पण चमक दिसेल इतकी नको, थर जाड झाला की जखम ओली राहते. हळद, खोबरेल, पानांचा रस काहीही लावू नका. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, तर आधी दाखवून जा. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यांत जास्त आढळते आणि ती कधी कधी काही महिन्यांनी उमटते. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढतच गेली, पू आला, ताप आला किंवा हातावर काखेच्या दिशेने लाल रेघ चढू लागली, तर स्टुडिओत फोन करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.