दहा टक्क्यांना घाबरून विषय सोडू नकोस

प्रश्न : पशुवैद्यकीय पदवीचं माझं शेवटचं वर्ष आहे. वराहांच्या प्रजननाच्या आनुवंशिकीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. पण एका वेतातल्या पिल्लांच्या संख्येची आनुवंशिकता जेमतेम दहा टक्के, मग तिथे करण्यासारखं आहेच काय, असं मित्र म्हणतात. संख्याशास्त्रही माझं कच्चं आहे.

उत्तर : मित्रांचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकला. माद्यामाद्यांत जो फरक दिसतो त्यातला दहावा हिस्सा पुढच्या पिढीत उतरतो. बाकीचा खाद्य, हवामान, वय, रेतनाची वेळ यांचा. पण मुळात फरकच केवढा! एकीला सात पिल्लं, शेजारच्या कप्प्यातलीला सोळा. त्यातला दहावा हिस्सा पिढ्यानपिढ्या साचत जातो.

खरी अडचण नराची. त्याला पिल्लं होत नाहीत, म्हणून त्याची पारख आई, बहिणी आणि मुलींच्या नोंदींवरून करायची. गर्भकाळ 114 दिवसांचाच, पण मुली वयात येऊन विईपर्यंत सव्वा-दीड वर्ष निघून जातं. म्हणूनच 2001 मध्ये मांडल्या गेलेल्या जीनोमिक निवडीचं इथे इतकं मोल : नर लहान असतानाच डीएनएवरून अंदाज येतो.

एकच जादूचं जनुक शोधायच्या नादी मात्र लागू नकोस. चीनच्या मैशान जातीला पिल्लं फार होतात. 1990च्या दशकात त्याचं श्रेय इस्ट्रोजेन ग्राहीच्या (या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाला मिळालं, पुढे इतर कळपांत परिणाम तसा टिकला नाही. आणि पिल्लं वाढली की ती जन्मतः हलकी भरतात, सड अपुरे पडतात, मरतूक वाढते. डेन्मार्कने 2004 मध्ये निवडीचा निकषच बदलून ‘पाचव्या दिवशी जिवंत पिल्लं’ असा केला.

आता संख्याशास्त्र. इथे मी गोड बोलणार नाही, रोजचं काम तेच आहे. मिश्र प्रारूपं (जनुकांचा आणि परिस्थितीचा वाटा वेगळा काढणारी गणितं) आणि ‘आर’ ही संगणकभाषा शिकायला सहा महिने दे. चाचणी नळीवर प्रेम असेल तर निराश होशील.

अर्ज भरण्याआधी तीन आठवडे एखाद्या वराहफार्मच्या प्रसूतिगृहात नोंदवही सांभाळ. पहाटे अठरा पिल्लं झाली, सड चौदा, म्हणून चार पिल्लं दुसऱ्या मादीकडे दिली. त्यातलं एक तिसऱ्या दिवशी मेलं. ते कोणाच्या नावावर मांडायचं, जन्म देणारीच्या की पाजणारीच्या? या प्रश्नाने झोप उडाली तर अर्ज भर. जांभई आली तर प्रजनन-चिकित्सेची शाखा घे, तीही चांगली आहे.