काकांच्या प्रोबेटवर स्थलांतराचा हिशेब बसवू नका

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये वारलेल्या काकांच्या मृत्युपत्रात तुम्ही एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारे) आहात, वाटेकरीही आहात, तर चार महिन्यांनी तिकडे राहायला जाईपर्यंत प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) उरकेल का आणि त्यांच्या घरात राहता येईल का. चार महिन्यांवर विसंबू नका. पैसे हातात यायला वर्ष धरा, घर विकायचं असेल तर त्याहून जास्त.

लोक फक्त अर्जानंतरचे आठवडे मोजतात. त्याआधी प्रत्येक बँकेकडून, पेन्शन कंपनीकडून मृत्यूच्या दिवशीची रक्कम लेखी मागवावी लागते. मालमत्ता ३,२५,००० पौंडांच्या वर गेली की वारसा कराचा प्रश्न येतो. कर लागत असेल तर आयएचटी ४०० हा वारसा कराचा फॉर्म भरायचा आणि कर खात्याकडून कोड आल्यावरच प्रोबेटचा अर्ज करायचा. मृत्यूच्या महिन्यानंतरचा सहावा महिना संपला की थकलेल्या करावर व्याज चढतं. अडतं ते इथेच: काकांचं बँक खातं गोठलेलं, आणि कराची सोय लागल्याशिवाय प्रोबेट नाही. यावर उपाय आयएचटी ४२३. हा फॉर्म दिला की बँक काकांच्या खात्यातून कर परस्पर भरते. घरावरचा कर दहा वार्षिक हप्त्यांत देता येतो, व्याजासकट.

मूळ मृत्युपत्राची पिन झेरॉक्ससाठीसुद्धा काढू नका. कागदावर रिकामी भोकं दिसली की याला आणखी काही जोडलेलं होतं का, अशी शंका येते, आणि लेखी खुलाशात आठवडे जातात.

प्रोबेट मिळालं म्हणून लगेच वाटप करू नका. आश्रितांना दावा लावायला त्यानंतर सहा महिने असतात, आणि दाव्याची कागदपत्रं बजावायला आणखी चार. म्हणून जाणते एक्झिक्युटर दहा महिने थांबतात. काकांकडून ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांच्यासाठी लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात किमान दोन महिन्यांची नोटीस द्या. ती न देता वाटप केलंत आणि मागाहून कुणी उभा राहिला, तर ते देणं तुमच्या खिशातून जाऊ शकतं.

घराबद्दल: काकांच्या नावावरचं घर रिकामं असेल तर प्रोबेटपर्यंत आणि नंतर सहा महिने कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी) माफ असतो. तुम्ही राहायला गेलात की माफी संपते. बाकीच्या वाटेकऱ्यांची लेखी संमतीही आधी घ्या. रिकाम्या घराचा विमा बऱ्याचदा ३० किंवा ६० दिवसांनी आखडतो, तेव्हा कंपनीला आजच कळवा. दुसरा एक्झिक्युटर इंग्लंडमध्येच राहत असेल तर प्रोबेटचा अर्ज त्याला करू द्या. नंतर अर्ज करायचा तुमचा हक्क राखून ठेवता येतो.