औषधांविषयी विचारा: गोळीचं नाव बदललं तर?

प्रश्न: माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्यांनाच महिन्याला दोन हजार जातात. आमच्याकडे जनऔषधी केंद्र निघालंय, पण घरात सगळे म्हणतात, स्वस्तातली गोळी हलकी असते. बदलू का?
– एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर: ताई, डॉक्टरांना विचारून खुशाल बदला. तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. किंमत उतरली म्हणून औषध हलकं होत नाही. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिन या गोळीचंच बघा. जुलै २०२२ मध्ये तिचं पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा हक्क, संपलं आणि सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या.

मला धास्ती वेगळीच वाटते. आमच्याकडे नेहमी येणारे एक आजोबा एकदा घामाघूम होऊन दुकानाच्या पायरीवरच बसले. पिशवीत दोन पाकिटं, एक जुन्या कंपनीचं, एक केंद्रातलं. दोन्हींत ग्लिमेपिराइड, रक्तातली साखर उतरवणारं एकच औषध! नावं वेगळी, म्हणून रोज सकाळी दोन्ही घेत होते. साखरपाणी पाजलं, तेव्हा सावरले. मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांना कुणीच नीट समजावलं नव्हतं, हे मला अजून सलतं.

म्हणून नवं पाकीट घरात आलं की जुनं वडिलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी असेल तर पुढे ‘एसआर’ (म्हणजे हळूहळू विरघळणारी) आहे का तेही पाहा. ‘एसआर’ गोळी चावायची किंवा कुटायची नसते. चिठ्ठीवर नुसतं कंपनीनं दिलेलं नाव असेल तर डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. बदलल्यावर पहिले काही आठवडे साखर जरा जास्त वेळा तपासा.

आणि विकत घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन या. तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तिथे मोफत तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या नेहमीच्या गोळ्यांची तिथे आधी चौकशी करा, उरलेल्या जनऔषधी केंद्रातून घ्या. जुने कागद सोबत न्या. घरी आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. कधी साठा संपलेला असतो आणि वडिलांचा खाडा व्हायला नको.