आठवतं, पण तिथे नाही : स्मरण आणि विसरण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी पाठ असलेलं उत्तर परीक्षेच्या हॉलमध्ये काही केल्या आठवत नाही आणि बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत आठवतं. माझा सगळा अभ्यास एकाच खोलीत, एकाच टेबलावर होतो. जागा बदलल्यामुळे असं होतं का?

उत्तर : जागेचा वाटा आहे, पण तुम्हाला वाटतो त्याहून कमी. शिकताना मनात फक्त मजकूर साठत नाही. दिव्याचा उजेड, बाहेरचा आवाज, पानावरची ओळीची जागा, त्या वेळची मनःस्थिती हेही त्याला चिकटतं आणि पुढे आठवताना खूण म्हणून उपयोगी पडतं. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली पाणबुड्यांना ३६ शब्दांच्या याद्या दिल्या, काही किनाऱ्यावर, काही सुमारे ६ मीटर पाण्याखाली. किनाऱ्यावर शिकून तिथेच आठवले तेव्हा सरासरी १३.५ शब्द आले. पाण्याखाली शिकून किनाऱ्यावर आठवले तेव्हा ८.४. पुढे १९८० मध्ये त्यांनी शब्द नुसते ओळखायला सांगितले, तेव्हा हा फरक उरला नाही. २०२१ मध्ये मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हाही फरक सापडला नाही. त्यामुळे सगळा दोष हॉलला देऊ नका.

खरी अडचण बहुधा उजळणीच्या पद्धतीत आहे. तेच पान चौथ्यांदा वाचलं की ते ओळखीचं वाटतं आणि 'येतंय' असा भास होतो. परीक्षेत मात्र ओळखायचं नसतं, खुणेशिवाय आठवायचं असतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचन थोडं आणि आठवण्याचा सराव जास्त करणारे पुढे गेले.

म्हणून असं करा. धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. अडलं तरी लगेच पुस्तक उघडू नका. तो ताणच उपयोगाचा आहे. मग वेगळ्या रंगाच्या पेनने सुटलेलं भरा. हेच दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने करा. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर उजळण्यांमधलं अंतर आणखी वाढवा. आणि टेबल बदला. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांनी १९७८ मध्ये ४० शब्द काहींना दोन्ही वेळा एकाच खोलीत, काहींना दोन वेगळ्या खोल्यांत शिकवले आणि चाचणी तिसऱ्याच खोलीत घेतली. एका खोलीत शिकलेल्यांना सुमारे १६ शब्द आठवले, दोन खोल्यांत शिकलेल्यांना सुमारे २४. एकाच जागेला बांधलेली आठवण त्या जागेबाहेर लंगडी पडते.

हॉलमध्ये अडलंच तर अर्धा मिनिट डोळे मिटून अभ्यासाची खोली मनात उभी करा : टेबल, दिवा, ते पान, उत्तर डावीकडे होतं की उजवीकडे. नुसत्या कल्पनेनेही जागेचा बराच फायदा परत मिळतो. तरीही नाही आलं तर पुढचा प्रश्न घ्या. चुकीचं उत्तर डोक्यात घोळत राहिलं की तेच बरोबर उत्तराची वाट अडवतं. थोडा वेळ गेला की त्याचा जोर ओसरतो. बाहेर पडल्यावर आठवण्याचं हे एक कारण आहे, दुसरं म्हणजे उतरलेला ताण.

प्रश्न : गाणी लावून वाचलं तर चालतं का?

उत्तर : शब्द असलेली गाणी नकोत. कानावर पडणारे शब्द, लक्ष दिलं नाही तरी, मनात धरून ठेवलेल्या शब्दांत मिसळतात. पाठांतर आणि लेखनाला हे सर्वांत जास्त बाधतं. चित्र रंगवताना खुशाल ऐका.

प्रश्न : दुसऱ्या खोलीत गेल्यावर कशाला आलो तेच आठवत नाही. हा आजार आहे का?

उत्तर : नाही. दार ओलांडलं की मन नवा प्रसंग सुरू करतं आणि आधीच्या प्रसंगातला हेतू मागे पडतो. चालताना दुसराच विचार चालू असेल तर जास्तच. निघतानाच हेतू मोठ्याने म्हणा : 'कपाटातली कात्री आणायची.' विसरलात तर मूळ जागी परत जाऊन पाहा, कधी कधी तिथे आठवतं.

प्रश्न : आईचं वय ६८. हल्ली नावं विसरते, तेच पुन्हा विचारते. वयामुळे म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : नाव जिभेवर येऊन अडणं आणि नंतर आपोआप आठवणं, हे वयाबरोबर वाढतं, त्याची काळजी नको. पण तोच प्रश्न तासाभरात पुन्हा, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ, रोजचे हिशेब चुकणं, हे वय म्हणून सोडू नका. अशा विसरण्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचं काम मंदावणं, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं किंवा कमी ऐकू येणं असू शकतं, आणि यांवर उपचार आहेत. जे कानावर नीट पडलंच नाही ते आठवणार कसं? औषधंही तपासा : झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, लघवीच्या घाईवरची काही औषधं स्मरण मंद करतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ घटू शकतं. मनाने काहीही बंद करू नका. झोपेची गोळी अचानक थांबवणं धोक्याचं असतं. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि दोन आठवड्यांची टिपणं सोबत ठेवा : काय विसरली, केव्हा, आठवण करून दिल्यावर आठवलं का. गोंधळ मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर टिपणं करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.